पुलाचे पान

मित्रांनो, मी गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना आवाज मऊ ठेवावा, अधूनमधून उसासे टाकावेत, अंगावर धूळ बसल्याची तक्रारसुद्धा हळूच करावी, अशी रीत आहे म्हणतात. ती रीत मला जमायची नाही. मी टपाल तिकिटांचा एक जुना अल्बम आहे. माझ्या कोपऱ्यांचे कातडे उडाले आहे, पाठीवरची सोनेरी अक्षरे पुसली गेली आहेत, आणि मला राग आलेला आहे. आजचा नाही, बऱ्याच वर्षांचा आहे. पण रागावलेल्याने सुरुवातीपासून सांगावे. मधूनच सांगायला लागले की लोक म्हणतात, याचे डोके फिरले आहे.

माझा जन्म एका बांधणीच्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबल, खळीचा आंबूस वास आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्यांचे ढीग, एवढेच मला तिथले आठवते. ज्या बाईंनी मला बांधले त्यांचा दिवस दुकानदारांच्या चोपड्या शिवण्यात जाई. माझी पाने त्यांनी शिवली नाहीत. दोन पितळी स्क्रूंवर ती ओवली. "ह्याची पानं वाढणार," त्या शेजारणीला म्हणाल्या, "शिवून टाकलं तर बिचाऱ्याचा श्वास कोंडेल." स्क्रू फिरवला की हवे तिथे पान घालता यावे आणि हवे ते काढता यावे, अशी ती सोय होती. मालकाची सोय ती चोराचीही सोय असते, हे त्या भल्या बाईंच्या मनातही आले नसेल.

दुकानाच्या काचेतून मला एका शिंप्याने घेतले. त्याच्या घरात दोन मुले होती. थोरली मुलगी, धाकटा मुलगा, आणि दोघांचे आयुष्यात एकाच गोष्टीवरून भांडण: पाकिटावरचे तिकीट कोणाचे? वडिलांनी मला दोघांच्या मध्ये आपटले आणि म्हणाले, "घ्या! घरात रक्त सांडायच्या आत हे घ्या. दोघांत मिळून एकच. आता तिकिटावरून आवाज ऐकू आला, तर दोघांच्याही तोंडाला टाके घालीन."

मग कामाची वाटणी झाली. भावाने तिकिटे भिजवायची, बहिणीने लावायची. तिकीट पाकिटावरून ओढून काढले तर फाटते. कोमट पाण्यात ठेवून ते स्वतःहून सुटेपर्यंत वाट पाहावी लागते. भाऊ त्यासाठी आईचे पीठ मळायचे भांडे पळवी, आणि आई म्हणे, "आज पोळ्यांना डिंक लावलाय का रे?" बहिणीला तो ताई म्हणे, म्हणून पुढे सगळी गल्ली तिला ताईच म्हणू लागली. ताईपेक्षा वयाने मोठी माणसेसुद्धा. भावाचे नाव पडले शिडी. तो इतका उंच झाला की घरातली खरी शिडी आईने शेजाऱ्यांना देऊन टाकली.

माझ्यात एकाच देशाची तिकिटे लावायची, आपल्या देशाची, हे ताईने पहिल्यापासून ठरवले होते. परदेशी फुलपाखरे आणि चमकदार त्रिकोण तिने शेजारच्या मुलांना वाटून टाकले. देशाचे सर्वांत पहिले तिकीट तिला फार पुढे मिळाले. ते तपकिरी आहे, गबाळे आहे, त्याला कडेला दाते नाहीत. त्या काळी टपालातला माणूस कात्रीने तिकीट कापून देई, म्हणून त्याची एक बाजू तिरकी गेली आहे. त्यानंतर राजाचे डोके आले. लाल डोके, हिरवे डोके, जांभळे डोके. राजा म्हातारा होत गेला, पण तिकिटावर त्याच्या दाढीचा एक केसही पांढरा झाला नाही. मग राजा गेला. नव्या लोकांना नवी तिकिटे छापायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी जुन्याच तिकिटांवर, राजाच्या चेहऱ्यावर आडवी काळी पट्टी छापली. ते पान पाहताना ताई हसे. "बघ," ती भावाला म्हणे, "नाक बाहेर राहिलंय." मला ती पट्टी आवडते. ज्यांनी ती मारली ते निदान उघडपणे तरी मारत होते. खाली कोणीतरी होते, एवढे तिकीट पाहणाऱ्या कोणालाही कळत होते.

दोघे मोठे झाले. ताईला टपाल खात्यात नोकरी लागली. शिडी रंगारी झाला, पण घरांच्या भिंती रंगवणारा नव्हे. त्याच्या उंचीला आणि बेडरपणाला साजेसे काम त्याला मिळाले. शहराबाहेरच्या मोठ्या नदीवर लोखंडी पूल उभा राहत होता, त्याच्या कमानींना दोरावर लटकून रंग द्यायचा. योगायोगाने पुलाच्या वसाहतीतच एक छोटे टपाल कार्यालय उघडले आणि ताईने तिथे बदली मागून घेतली. नदीकाठी दोघांनी एक खोली घेतली. एक खिडकी, दोन खाटा, एक स्टोव्ह, आणि खाटेखालच्या पेटीत मी.

देशभर त्या पुलाचा गाजावाजा होता. उद्घाटनाला थोडे दिवस उरले असताना पुलाचे तिकीटही निघाले. निळे पाणी, पिवळा सूर्य, आणि मधे तो पूल, तीन कमानींचा. ताईने आपल्याच खिडकीवर पहिले तिकीट स्वतःसाठी घेतले आणि संध्याकाळी घरी आणले.

"हे मी लावणार," शिडी म्हणाला.

"तू वाकडं लावशील."

"माझा पूल आहे. वाकडा लावीन, नाहीतर उलटा लावीन."

त्याने हात तीनदा धुतले. भिंग घेऊन तो बराच वेळ तिकिटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताई, ह्यात आम्ही कुठं आहोत?"

"माणसं काढलीच नाहीत चित्रकारानं. छोटं तिकीट. माणसं कुठं बसवणार?"

"सूर्य बसवला की! सूर्य काय पुलावर कामाला होता?"

दोघे पोट धरून हसले. त्याने तिकीट लावले, पक्ष्यांच्या पानानंतरच्या कोऱ्या पानावर, मधोमध आणि अगदी सरळ.

आता पुढचे मी भराभर सांगतो, कारण सावकाश सांगायला गेलो तर मला सांगता येणार नाही. उद्घाटनाआधी पुलाची परीक्षा घ्यायची होती. दगडांनी भरलेले ट्रक पुलावर चढवायचे आणि पूल किती वाकतो ते मोजायचे. अशा वेळी पुलावर चिटपाखरू नसावे, हा नियम आहे, आणि तो बांधकामातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतो. पण तिसऱ्या कमानीचा रंग बाकी होता. कामाच्या प्रमुखाने हुकूम दिला की परीक्षाही आजच आणि रंगही आजच. पाहुण्यांच्या कपड्यांना ओला रंग लागता कामा नये. माणसे दोरांवर लटकलेली असताना ट्रक चढवले.

तिसरी कमान नदीत कोसळली आणि आमच्या खिडकीची तावदाने थडथडली. मग गल्लीतून माणसे धावत गेली. कोणी ओरडत नव्हते, फक्त पायांचा आवाज येत होता. ताई घरी आली ती दुसऱ्या दिवशी. तिच्यामागून चौघांनी शिडीला आणले. त्याच्या नखांत निळा रंग होता आणि त्याचे पाय खाटेच्या बाहेर आले होते.

चौकशी झाली. चौकशीने दोष वाऱ्याला दिला. वारा हा फार सोयीचा गुन्हेगार, मित्रांनो. त्याला बोलावता येत नाही, आणि तो उलटून बोलतही नाही. कामाच्या प्रमुखाची दुसरीकडे बदली झाली, चांगल्या जागी. टपाल खात्याने हुकूम काढला की पुलाची उरलेली सगळी तिकिटे परत पाठवावीत. ताईने आपल्या खिडकीतली तिकिटे गठ्ठा बांधून परत पाठवली. ती खात्याची होती. मुख्य कार्यालयाच्या मागच्या अंगणात ती पेटवली, असे तिने आईला सांगितले. माझ्यातले तिकीट तिने पाठवले नाही. ते तिचे स्वतःचे होते.

त्यानंतर मी कित्येक वर्षे पेटीत पडून राहिलो. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. मी ताईवरही रागावलो होतो, हे लपवत नाही. ताई रोज कामावर जाई, लोकांची पत्रे घेई, शिक्के मारी, घरी येई. तिने लग्न केले नाही. लोक म्हणत, भावाच्या दुःखाने केले नाही. ती म्हणे, "दुःखाचं काय घेऊन बसलात? मागणी घालायला आले त्यांतल्या एकाला धड बोलता येत नव्हतं."

मग एके दिवशी तिने पेटी उघडली, तीच मुळी दाणकन. तिच्या हातात खात्याने छापलेले जाडजूड पुस्तक होते. त्यात देशाच्या आजवरच्या सर्व तिकिटांची चित्रे होती. माझे पुलाचे पान तिने त्याच्या शेजारी उघडून ठेवले. पुस्तकात पक्ष्यांची तिकिटे होती आणि त्यांच्यानंतर लगेच रेल्वे इंजिनांची. मधे काही नव्हते. रिकामी जागासुद्धा नव्हती. राजाचे नाक निदान पट्टीबाहेर तरी होते. इथे नाकच उगवले नव्हते!

"बरं," ताई म्हणाली. एवढेच म्हणाली. पण तिच्या त्या 'बरं'ची धार मला ठाऊक होती.

त्या दिवसापासून ती जिद्दीला पेटली. देशाचे एकही तिकीट माझ्यात कमी असता कामा नये, पहिल्यापासून आजपर्यंत. आईला वाटले, पोरीला विरंगुळा मिळाला. विरंगुळा कसला! एकट्या तिकिटाला लोक अफवा म्हणतात. तेच तिकीट आपल्या रांगेत, आपल्या जागी उभे केले की कोणाला हलवता येत नाही, असा तिचा हिशेब होता. ती सुटीच्या दिवशी जुन्या वाचनालयांच्या अडगळीत बसली. वकिलांच्या विधवांकडून तिने जुन्या पत्रांची खोकी मागून आणली आणि बदल्यात त्यांचे पडदे शिवून दिले. शिंप्याची मुलगी ती. तिकीटवाले दुकानदार तिला पाहिले की चष्मा काढून ठेवत, कारण ताईशी घासाघीस करताना नजर चुकवणे बरे असते. माझी पाने वाढली. स्क्रू बदलून लांब घालावे लागले. ती निवृत्त झाली तेव्हा मी पूर्ण झालो होतो, आणि देशात माझ्यासारखे फार थोडे होते, असे येणारे जाणकार म्हणत.

त्या कौतुकाने मी फुगलो, ही गोष्ट खरी आहे. आणि कौतुकाच्याच वाटेने संचालक आले.

ते टपाल संग्रहालयाचे संचालक होते. देशाच्या पहिल्या तिकिटाचे शतक साजरे होणार होते आणि त्यांना प्रदर्शनासाठी मी हवा होतो. माणूस सभ्य होता. त्याने स्वतःचा चिमटा आणला होता. माझ्या पानांना बोट लावले नाही, श्वासही बाजूला सोडला. तपकिरी तिकिटापाशी त्याचे डोळे भरून आले. मी ते पाहिले. हे मुद्दाम सांगतो, कारण तिकीट म्हणजे काय हे न कळणाऱ्या गाढवाने पुढचे कृत्य केले असते, तर मी केव्हाच विसरलो असतो.

पुलाच्या पानापाशी संचालक थांबले. "अवस्था अप्रतिम आहे," ते म्हणाले.

"हे पान पण लागेल ना प्रदर्शनात?" ताईने सरळ विचारले.

"ताई, तुमचा अल्बम जसा आहे तसा लागेल. मी स्वतः काळजी घेईन."

चार दिवसांनी त्यांच्या कार्यालयात, भर दुपारी, पंखा चालू असताना, त्यांनी माझे स्क्रू सोडवले. पाने सुटी करून काचेच्या चौकटींत लावायची होती, ते ठीक. एकेक पान ते चौकटीत सरकवत होते. पुलाचे पान हातात आले तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिले. दार बंद होते. मग ते पान त्यांनी एका फायलीत ठेवले, फायलीची नाडी बांधली, आणि इंजिनांचे पान पक्ष्यांच्या शेजारच्या चौकटीत लावले. चौकटींमधले अंतर त्यांनी पट्टीने मोजून सारखे केले. फाटल्याचा आवाज नाही, ओरखडा नाही. प्रदर्शनाचे उद्घाटन करायला जे मंत्री येणार होते, ते म्हणजेच पुलाच्या कामाचे तेव्हाचे प्रमुख. एवढेच कारण. कोणी हुकूमसुद्धा दिला नव्हता. हुकूम येण्याआधीच पाळणारी माणसे असतात, मित्रांनो, आणि मला मंत्र्यापेक्षा त्यांचाच राग जास्त येतो.

उद्घाटनाला ताई नवी साडी नेसून आली. तिला पहिल्या रांगेत खुर्ची होती. भाषणे झाली, फीत कापली गेली. मंत्री एकेका चौकटीपुढून मान डोलावत चालले आणि त्यांच्या बाजूने संचालक माहिती सांगत होते. ताई मागून येत होती. पक्ष्यांच्या चौकटीपुढे मंत्री क्षणभर थांबले आणि पुढे इंजिनांकडे गेले. ताई मात्र पुढे गेली नाही.

"पान कुठंय?" ती म्हणाली.

टपालाच्या खिडकीवर आयुष्य घालवलेल्या बाईचा आवाज होता तो, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाणारा. सगळे वळले.

संचालक लगबगीने आले. "ताई, जरा आत येता का? आपण आत बोलू."

"आत कशाला? तुम्ही माझ्या घरी बसून म्हणालात, जसा आहे तसा लागेल. पान कुठंय?"

"तांत्रिक अडचण आहे. ते तिकीट अधिकृत यादीत नाही. म्हणजे, ते नियमितपणे निघालेलं असं धरता येत नाही..."

"मी विकलंय ते! ह्या हातांनी. सरकारच्या खिडकीवर, सरकारचा पगार घेऊन. आणि तुम्ही मला सांगता निघालंच नाही?"

मंत्री मागे आले. चेहऱ्यावर हसू तसेच होते. "काय झालं? बाईंची काय तक्रार आहे?"

"साहेब," ताई म्हणाली, "माझ्या अल्बममधून ह्यांनी पूल काढलाय."

मंत्र्यांनी भुवया उंचावल्या. "कुठला पूल?"

मित्रांनो, मी तेव्हा सुट्या पानांनी भिंतीवर टांगलेलो होतो. मला हात असते तर! कुठला पूल, म्हणे. दोरावरच्या माणसांसकट ज्याच्यावर ट्रक चढवले, तो पूल. ज्याचा दोष वाऱ्याने घेतला, तो पूल.

ताई रडली नाही. आवाजही चढवला नाही. "तुम्ही बांधलात तो," ती म्हणाली. "माझा भाऊ तिसऱ्या कमानीला रंग देत होता. तुमच्या पाहुण्यांचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून."

मंत्र्यांचे हसू कुठे गेले ते कळले नाही. त्यांनी घड्याळ पाहिले आणि ते निघून गेले, त्यांच्यामागे त्यांची माणसे, त्यांच्यामागे संचालक. दालनात सामान्य लोक उरले आणि एक वार्ताहर बाई उरली, जिने ताईला एकच गोष्ट विचारली, "उद्या पण याल?"

ताई रोज आली. प्रदर्शन होते तोवर ती पक्षी आणि इंजिने यांच्या मधल्या त्या सारख्या मोजलेल्या अंतराशी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "इथं एक पान होतं." दुसऱ्याच दिवशी संचालकांनी पहारेकऱ्याला पाठवले. तो जवळ येऊन कुजबुजला, "ताई, तुम्हाला बाहेर काढायला मला वरून सांगितलंय."

"मग काढ."

"काढलं असतं हो. पण मला ऐकायला जरा कमी येतं. काय सांगितलं ते नीट कळलंच नाही." आणि तो दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. ताईसाठी त्याने एक स्टूलही आणून ठेवले, ते कोणी ठेवले हे त्याला कधी आठवले नाही.

वर्तमानपत्रात ताईचे छायाचित्र आले. लोक त्या रिकाम्या भिंतीकडे पाहायला येऊ लागले. पहिल्या तिकिटापुढे नव्हती एवढी गर्दी तिथे होऊ लागली. मंत्र्यांचे काही बिघडले का? नाही. खोटे कशाला सांगू? त्यांना पुढे आणखी मोठे खाते मिळाले.

प्रदर्शन संपल्यावर संचालक मला परत द्यायला स्वतः घरी आले. पाने पुन्हा ओवलेली होती, स्क्रू घट्ट होते. ताईने मला उघडले, पक्षी पाहिले, इंजिने पाहिली, आणि हात पुढे केला. "द्या."

संचालक खाली बघत होते. "ते माझ्याकडे नाही, ताई. वरून मागितलं. मी वर पाठवलं. आता ते परत... वरून परत येत नाही."

"हो ना," ताई म्हणाली. "माझ्या भावाला पण तुम्ही लोकांनी वरच पाठवलं. तो पण नाही आला परत."

तो माणूस खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाला. "मला दोन वर्षं राहिली आहेत निवृत्तीला," असे काहीतरी तो पुटपुटला. आणि ताईने काय करावे? तिने स्टोव्ह पेटवला आणि त्याला चहा दिला! मला इतका संताप आला की माझे पुठ्ठे फुटायचे बाकी राहिले. कप त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "तुमच्या घशाखाली उतरतो का बघा." त्याने अर्धा प्यायला, उठला, आणि दारातून जाताना चप्पल उलटसुलट घालून गेला. तेव्हा कुठे मला जरा बरे वाटले.

ताईने एक नवे, कोरे पान कापले आणि त्या जागी ओवले. ते कोरेच ठेवायचे, असे तिने ठरवले होते.

पण वर्तमानपत्र दूरवर गेले होते. एका सकाळी एक आजी दारात आली. ताईपेक्षाही थकलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. "पुलाच्या तिकिटाच्या बाई इथंच राहतात का?" तिने विचारले. आत आल्यावर तिने पिशवीतून फडके काढले आणि फडक्यातून एक पाकीट काढले. त्यावर निळे पाणी होते, पिवळा सूर्य होता, तीन कमानी होत्या. तिकिटाचे तीन दाते तुटले होते, एका कडेला तेलाचा डाग होता, आणि शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर पडला होता.

"माझ्या माणसाचं शेवटचं," आजी म्हणाली. "दगडकाम करायचा तिथं. पण तुमचं ते वर्तमानपत्रात म्हणतात तसं नवंकोरं नाही हो हे. चालेल का?"

ताई शिक्क्याकडे पाहत राहिली. तिने पाकीट खिडकीपाशी उजेडात नेले. "हा शिक्का मी मारलाय," ती म्हणाली.

मग सगळी हकीकत बाहेर आली. मला त्यातले काही माहीत नव्हते. मी खाटेखाली होतो, खिडकीवर नव्हतो. ते तिकीट आले त्या दिवसांत पुलावरचा जो तो ताईच्या खिडकीवर येऊन "आमचा पूल द्या" म्हणत होता. गवंडी, लोहार, रंगारी, हमाल. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचे पत्ते ताईने लिहिले होते. आपण काय बांधतो आहोत, ते त्यांना घरी दाखवायचे होते. ही पत्रे कोणी जपली असतील, असे तिच्या कधी स्वप्नातही आले नव्हते.

आजीच्या मागून आणखी लोक आले. एक ट्रक चालवणारा आला, त्याच्याकडे बापाचे पाकीट होते. पाण्यात भिजून त्याचा रंग उतरला होता. एका शाळेतल्या बाईंनी तिकीटच तेवढे आणले, कारण पत्र त्यांच्या आईबरोबर गेले. कोणाचे उंदराने कुरतडलेले, कोणाचे घड्या पडून चार तुकडे झालेले. प्रत्येक जण दारात तेच विचारी, "चालेल का?" आणि ताई म्हणे, "आत या." ती त्यांना बसवी, त्यांच्या माणसाबद्दल विचारी आणि मगच मला उघडी. ज्यांना पाकीट ठेवून जाववत नसे, त्यांना ती म्हणे, "घेऊन जा. तुमचं आहे. कधी वाटलं तर आणा." बहुतेक जण ठेवून गेले. एक कोरे पान पुरेना, म्हणून दुसरे कापले, मग तिसरे. पक्ष्यांची पाने दोन, इंजिनांची तीन, आणि पुलाची आता मोजू नयेत इतकी.

जाणकार अजून येतात. त्या पानांपाशी आले की तोंड वाकडे करतात. म्हणतात, ताई, एवढ्या सुंदर संग्रहात ही फाटकी भरती कशाला? ह्याने अल्बमची किंमत उतरते. ताई काही बोलत नाही. तिचे वय झाले आहे. म्हणून मीच बोलतो आहे.

मित्रांनो, तिकिटे जरूर जमवा. हात धुऊन जमवा, पाण्यात नीट भिजवा, ओढून फाडू नका. पण फक्त देखणी निवडून बाकीची फेकू नका. डाग पडलेले, दाते तुटलेले तिकीट कोणीतरी कोणालातरी पाठवलेले असते. आणि तुमच्या हाती कधी एखादा अल्बम आला, एखादे पुस्तक आले, एखादी भिंत आली, आणि तिथे सगळे फार व्यवस्थित, फार सारख्या अंतरावर दिसले, तर थांबा. मोठ्याने विचारा, इथे काय होते? आत चला म्हणतील. जाऊ नका. बाहेरच विचारा.

त्या पाकिटांमुळे मी इतका जाड झालो आहे की माझे पुठ्ठे आता एकमेकांना टेकत नाहीत. ताई दोन्ही हातांनी दाबते, वर विटा ठेवते, पट्टा बांधते. काही उपयोग होत नाही. हात काढला की मी पुन्हा उघडतो. कोणी काहीही करा, मी आता मिटत नाही.